अजिंठ्याचे मेजर गिल

आपल्या वऱ्हाडातून मुंबईस जाणारी आगगाडी बडनेरा, अकोला, शेगाव, मलकापूर ही स्थानके मागे टाकून भुसावळास येते. भुसावळ हे मोठे जंक्शन. तेथील गजबजाटात प्रवाशाचे लक्ष फलाटाच्या पलीकडे क्वचितच जाते. परंतु त्या शहराच्या जुन्या युरोपियन दफनभूमीत एक असे थडगे आहे की, ज्यापुढे वऱ्हाड-खानदेशातील प्रत्येक सुशिक्षित मनुष्याने क्षणभर तरी मस्तक नमवावे. ते थडगे मेजर रॉबर्ट गिल यांचे होय. हे गृहस्थ पेशाने लष्करी अधिकारी. परंतु त्यांचे नाव आज उरले आहे ते तलवारीमुळे नव्हे. आयुष्याची अखेरची जवळजवळ तीन तपे त्यांनी मुख्यतः अजिंठ्याच्या परिसरात घालविली, आणि आधी कुंचल्याने व मागाहून कॅमेऱ्याने त्या परिसराची चित्रे घेतली.

कविवर्य ना. धों. महानोर यांच्या काव्यामुळे व २०१२ साली निघालेल्या मराठी चित्रपटामुळे गिल यांचे नाव महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. तथापि एखाद्या जुन्या भिंतीवर वेल दाट चढावी आणि मूळ बांधकाम दिसेनासे व्हावे, तसे त्यांच्या चरित्राचे झाले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात दंतकथा बाजूस ठेवून, जे खात्रीने सांगता येते तेवढेच विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचा विचार आहे.

रॉबर्ट गिल यांचा जन्म इ. स. १८०४ मध्ये लंडन शहरी झाला. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या या भागात असईची, अडगावची व गाविलगडची अशा तीन लढाया होऊन मराठेशाहीच्या नशिबाचे फासे उलटे पडले होते. ज्या मुलखात तोफांचा धूर नुकताच विरला होता, त्याच मुलखात पुढे आपली हाडे ठेवावी लागतील, हे त्या बालकाच्या मातापित्यांच्या स्वप्नीही नसेल. तरुणपणी गिल हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास येथील सैन्यात दाखल झाले. कवायत आणि पहारा यांतून मिळणाऱ्या फुरसतीत त्यांनी चित्रकलेचा व्यासंग ठेवला होता, आणि हा व्यासंगच पुढे त्यांचे जीवितकार्य ठरला.

अजिंठ्याची लेणी युरोपियन लोकांस प्रथम दिसली ती १८१९ च्या एप्रिल महिन्यात. मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ नावाचा एक अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या खोऱ्यात आला असता त्यास समोरच्या कड्यात कोरीव कमान दिसली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव व तारीख खरवडून ठेविली. ते लेखन आजही तेथे आहे. पुढे वीस वर्षांनी जेम्स फर्ग्युसन या वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने ही लेणी पाहिली. भिंतींवरील चित्रांचे पोपडे गळत आहेत, ओल, वटवाघळे व मधमाश्या यांनी नासधूस मांडली आहे, आणि येणारे प्रवासी चित्रांचे तुकडे खरवडून नेत आहेत, हे पाहून त्याचे मन कळवळले. १८४३ साली त्याने लेण्यांवरील आपला निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे मांडला. चित्रे समूळ नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या हुबेहूब प्रती करवून घ्याव्यात, अशी विनंती त्या संस्थेने कंपनीच्या संचालकांस केली. संचालकांनी ती मान्य केली, आणि १८४४ साली या कामी कॅप्टन गिल यांची नेमणूक झाली.

येथे वऱ्हाडातील वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अजिंठा म्हणजे कोठला तरी परका डोंगर, असे आपणांस वाटते. परंतु ते खरे नाही. तेथील सोळाव्या लेण्यात जो शिलालेख आहे, त्यात वाकाटक राजांची वंशावळ असून, राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने ते लेणे कोरविल्याचे नमूद आहे. या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच आजचे वाशीम. १९९८ पर्यंत हे वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. म्हणजे पाचव्या शतकात ज्या राजवटीच्या आश्रयाने अजिंठ्याच्या भिंतींवर रंग चढले, ती राजवट आपल्याच काळ्या मातीतील होती. येथील शिलालेखांचा अभ्यास करून ते प्रसिद्ध करणाऱ्या विद्वानांत आपले डॉ. भाऊ दाजी लाड हे अग्रणी होत. तेव्हा गिल यांनी जे जतन करण्याचा यत्न केला, ते आपल्या पूर्वजांचे धन होय.

गिल यांनी अजिंठा गावातील बारादरीत मुक्काम ठेविला. गाव घाटमाथ्यावर आणि लेणी घाटाखाली फर्दापूरच्या बाजूस. भोवती दाट अरण्य, त्यात वाघांचा सुळसुळाट, पावसाळ्यानंतर हिवतापाची साथ, आणि जवळ ना डॉक्टर ना दुकान. रंग, तेले व कापड दूरवरून मागवावे लागे. अशा ठिकाणी त्यांनी मोजमापे घेऊन, मूळ चित्रांसमोर मोठमोठे कॅनव्हास उभे करून, तैलरंगांत प्रती काढावयास आरंभ केला.

या कामात त्यांचा सर्वांत मोठा सोबती आणि सर्वांत मोठा अडवणूकदार एकच होता. तो म्हणजे सूर्य. लेणी अर्धवर्तुळाकार कड्यात कोरलेली आहेत. त्यामुळे त्यांची तोंडे एकाच दिशेस नाहीत, आणि ऊन एका लेण्यात ज्या घटकेस शिरते, त्या घटकेस दुसऱ्यात शिरत नाही. आत खोलवर तर दिवसादेखील अंधुक असते. दिव्याच्या पिवळ्या उजेडात रंगांची पारख होत नाही, आणि धुराने चित्रे काळवंडण्याचे भय निराळेच. अशा जागी काम करणाऱ्याला उन्हाच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागते. भिंतीचा एखादा भाग उजळला की हात चालवावा; ढग आला की हात आवरावा. वर्षानुवर्षे एकाच खोऱ्यातील उजेडाची चाल पाहून गिल यांस जी दृष्टी लाभली असेल, तीच पुढे कॅमेरा हाती घेतल्यावर त्यांच्या उपयोगी पडली असली पाहिजे.

१८५६ हे साल गिल यांच्या आयुष्यात दोन कारणांनी संस्मरणीय आहे. पहिले कारण दुःखाचे. त्यांचे कुटुंब पुढे स्वदेशी परतले होते, आणि पारो नावाच्या एका स्थानिक स्त्रीचा त्यांना अजिंठ्यात आधार झाला होता. ती २३ मे १८५६ रोजी मृत्यू पावली. तिच्या स्मरणार्थ गिल यांनी अजिंठा गावी एक शिळा बसविली व तीवर तिचे नाव आणि मृत्यूची तारीख कोरविली. पारोविषयी आज जे गोड कडू प्रवाद ऐकू येतात, त्यांस त्या शिळेखेरीज भक्कम आधार फारच थोडा. परंतु विचार करा: त्या काळी डोंगरातील एका सामान्य स्त्रीचे नाव कागदोपत्री राहण्याचा संभव किती होता? कोणी तरी नाव व तारीख दगडावर लिहिली, म्हणून ती आज जगास ठाऊक आहे.

दुसरे कारण असे की, याच सुमारास गिल यांनी फोटोग्राफीस प्रारंभ केला. फोटोग्राफीचा शोध जगापुढे येऊन तेव्हा अवघी सतरा वर्षे लोटली होती. मुंबईस १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी हे तिच्या सभासदांपैकी होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे नामांकित फोटोग्राफर होते. परंतु मुंबईतील चित्रशाळेत फोटो काढणे निराळे आणि अजिंठ्याच्या दरीत काढणे निराळे.

आजच्या विद्यार्थ्यांस त्या काळच्या फोटोग्राफीचे कष्ट कल्पनेने तरी समजून घेतले पाहिजेत. तेव्हाच्या प्रचलित रीतीप्रमाणे काचेच्या तावदानावर कलोडिअन नावाचा चिकट द्रव समतोल ओतावयाचा, ते तावदान अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाचे, आणि ओले असतानाच कॅमेऱ्यात बसवून चित्र घ्यावयाचे. लागलीच पुन्हा अंधारात नेऊन ते धुवावयाचे. लेप वाळला की सारी मेहनत फुकट! म्हणजे फोटोग्राफरास आपली अंधारकोठडी तंबूच्या रूपाने पाठीवर वाहावी लागे. आमच्याकडील वैशाखाच्या उन्हात तो लेप पाहता पाहता सुके, पाणी दुर्मिळ होई, आणि वाऱ्याबरोबर आलेली धूळ काचेस चिकटे. काचा, बाटल्या व कॅमेरा हे सारे खाचखळग्यांतून वाहून न्यावयाचे. विजेचा दिवा नाही. जो काही उजेड तो आकाशातला. उघड्यावर काही क्षणांत काम होई, पण लेण्याच्या सावलीत भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे, आणि तेवढा वेळ कॅमेऱ्यापुढील माणसाने पुतळ्यासारखे निश्चल राहावयाचे!

त्या रीतीत आणखी एक उणीव होती. त्या काचेस निळा रंग चटकन दिसे. तांबडा व पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरे फटक उमटे, आणि गेरू व पिवळी माती यांनी रंगविलेले भाग काळे पडत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत तर हेच रंग विपुल. याचा अर्थ असा की, ज्या चित्रांसाठी गिल यांची नेमणूक झाली होती, त्यांस कॅमेऱ्याचा फारसा उपयोग नव्हता. तेथे कुंचलाच हवा होता. कॅमेऱ्याने काय साधे? तर शिल्प, खांब, कमानी, दरी आणि माणसे. जेथे रंगापेक्षा ऊन-सावलीच आकार सांगते, ते सारे. गिल यांनी हा भेद ओळखून दोन्ही साधने चालू ठेवली.

त्यांचा कॅमेरा दुहेरी चित्रांचा होता. माणसाच्या दोन डोळ्यांत जसे थोडे अंतर असते, तशा दोन जागांवरून एकाच देखाव्याची दोन चित्रे तो घेत असे. ती जोडीने ठेवून स्टिरिओस्कोप नावाच्या यंत्रातून पाहिली म्हणजे सपाट चित्रास खोली येते. पुढचा खांब पुढे व मागचा मागे दिसू लागतो. ज्या इंग्रज मनुष्याने हिंदुस्थान कधी पाहिला नाही, तो आपल्या खोलीत बसून चैत्याच्या कमानीखाली उभा राहिल्याचा अनुभव घेऊ शके.

१८६४ साली या चित्रांचे दोन ग्रंथ लंडन येथे निघाले. वर्णने फर्ग्युसन यांनी लिहिली. एकात लेण्यांची ७४ चित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू व सृष्टी यांची १०० दुहेरी चित्रे होती. तेव्हा पुस्तकात फोटो छापण्याची कला साध्य झाली नव्हती. म्हणून प्रत्येक प्रतीत खरेखुरे फोटो हातांनी चिकटविलेले असत. या कामासाठी गिल यांनी दूरदूरचे प्रवास केले असे नाही. त्यांच्या चित्रांचे विषय बव्हंशी राहत्या घरापासून काही दिवसांच्या मजलांवरचे: अजिंठ्याची दरी व लेणी, जवळच्या अन्वा गावचे कोरीव देवालय, आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. लोणारचे ते विशाल विवर उल्कापाताने झाले, हे विसाव्या शतकात सिद्ध व्हावयाचे होते. गिल यांस त्याचा पत्ता नव्हता. तरीही तेथील जुन्या देवळांवर त्यांनी कॅमेरा रोखला. त्यांच्या अनेक चित्रांत खांबाशी अथवा दाराशी कोणी माणूस उभा किंवा बसलेला दिसतो. वास्तूची उंची कळावी म्हणून त्यास तेथे ठेवले असावे. ते बहुधा तेथलेच कोणी गडी, वाटाडे वा शेतकरी असतील. त्यांची नावे आज कोण सांगणार?

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंगाकडे वळू. १८४४ पासून सुमारे वीस वर्षे खपून गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या सुमारे तीस भव्य प्रती लंडनला पाठविल्या होत्या. सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रासादात त्या लोकांस पाहण्यासाठी टांगल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबर महिन्यात त्या प्रासादाच्या उत्तर भागास आग लागली, आणि तेथील सर्व प्रती भस्म झाल्या. ज्या चार-पाच प्रती तेथे नव्हत्या, तेवढ्या वाचल्या. त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. एका मनुष्याच्या तारुण्याची, डोळ्यांच्या तेजाची व आरोग्याची किंमत देऊन झालेले कार्य एका आगीच्या ज्वाळांनी गिळून टाकले. बासष्ट वर्षांच्या त्या वृद्धास ही वार्ता समजली, तेव्हा त्यास काय वाटले असेल? हिंदुस्थान कायमचा सोडून मायदेशी निघून जाण्यास याहून सबळ कारण कोणते असू शकते? परंतु गिल गेले नाहीत. आपल्या त्या डोंगराळ मुलखातच ते राहिले.

आणि येथेच दैवाचा एक विलक्षण खेळ दिसतो. ज्या कार्यासाठी सरकारने त्यांस नेमले ते बहुतांशी जळाले. आणि जे त्यांनी जोडकाम म्हणून केले, ती काचेवरील लहान लहान चित्रे शिल्लक राहिली. याचे कारण चमत्कारिक नाही. तैलचित्र एकच असते. ते जळाले की संपले. परंतु एका काचेवरून कागदावर अनेक ठसे निघतात. ग्रंथांच्या प्रती अनेक ग्रंथालयांत व घरांत विखुरल्या होत्या. एक प्रासाद जळाल्याने त्या सगळ्या जळणे शक्य नव्हते. अजिंठ्याच्या प्रतींवरील दैवाचा कोप मात्र तेवढ्याने शमला नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून नव्याने प्रती केल्या. त्यांपैकी शंभरावर प्रती १८८५ साली लंडनमध्येच पुन्हा आगीत नष्ट झाल्या! प्रती काढताना मूळ चित्रांवर लावलेले व्हार्निशही कालांतराने पिवळे पडून चित्रांस बाधक ठरले. पुढे निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० पासून अजिंठ्याच्या चित्रांचे मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांत रंगीत फोटोग्राफीचे साहाय्य घेतले. गिल यांच्या काळी जे यंत्रास साधत नव्हते, ते तोवर साधू लागले होते.

१८६७ पर्यंत आगगाडीचा रस्ता भुसावळहून अकोला, बडनेरा असा नागपुरापर्यंत पोहोचला होता. ज्या मुलखात गिल आले तेव्हा बैलगाडीखेरीज वाहन नव्हते, तेथे त्यांच्या डोळ्यांदेखत इंजिनाची शिट्टी घुमू लागली. १८७९ साली त्यांची प्रकृती फारच ढासळली. उपचारासाठी नेले जात असता वाटेत भुसावळ येथे १० एप्रिल १८७९ रोजी त्यांचा अंत झाला. पंच्याहत्तरी गाठण्यास तेव्हा काही महिनेच उणे होते. लंडनमध्ये जन्मलेला हा पुरुष तापीच्या काठच्या मातीत मिसळला.

मेजर गिल हे देवमाणूस होते, असे ठरविण्याचा येथे हेतू नाही. ते आपल्या काळचे व आपल्या पेशाचे मनुष्य होते. त्यांना शिकारीचा मोठा षोक होता, आणि परक्या सत्तेचे ते नोकर होते. परंतु ख्रिस्तप्रभूने सांगितलेल्या दृष्टांतातील विश्वासू चाकराप्रमाणे, जे त्यांच्या हाती सोपविले होते त्यास त्यांनी अंतर दिले नाही, हा गुण कोणत्याही देशाच्या व धर्माच्या मनुष्याने घ्यावा असाच आहे. फळ जळून गेले तरी झाड सोडून ते गेले नाहीत.

विद्यार्थिमित्रांनो, आज तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी मोबाइलमध्येच कॅमेरा आहे. काच नको, चांदीचा क्षार नको, अंधाराचा तंबू नको. मग चित्र घ्यावयाचे कशाचे? गिल यांचे चरित्र सांगते की, घराजवळचे घ्यावे. बाळापूरची छत्री, नरनाळ्याचे दरवाजे, गाविलगडाची तटबंदी, अचलपूरच्या जुन्या वेशी, तुमच्या गावची ढासळती गढी व पायविहीर, कापूस वेचणाऱ्या आया-बहिणी, ओट्यावर बसलेले आजोबा: यांपैकी काय आणखी पन्नास वर्षांनी राहील, हे कोणास सांगता येते? सकाळचे कोवळे ऊन किंवा दिवस कलतानाचे तिरपे ऊन पाहून जावे. भर दुपारी आमच्याकडील सूर्य भिंतीवरची नक्षी आणि माणसाच्या डोळ्यांतील भाव दोन्ही पुसून टाकतो. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जावे, म्हणजे उजेडाची चाल कळते. चित्राची एकच प्रत ठेवू नये. कागदावर उतरवून ती घरात व शाळेत ठेवावी. जळालेल्या प्रासादाचा हा धडा विसरू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे, चित्राच्या पाठीमागे माणसाचे नाव, गावाचे नाव व तारीख लिहून ठेवावी. या कामी पालकांचे साहाय्य हवे. कारण जुन्या पेटीतील फोटोतले चेहरे मुलांना ओळखू येत नाहीत, ते त्यांनाच ओळखू येतात, आणि तेही आणखी काही वर्षेच. लेण्याच्या खांबाशी उभे राहिलेल्या त्या माणसांचे चेहरे सूर्याने काचेवर उतरवले, पण त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. पारोचे नाव तेवढे दगडावर लिहिले गेले, म्हणून राहिले. या सुटीत आपल्या घरच्या एका वृद्ध माणसाजवळ बसून एवढे एक काम प्रत्येकाने करावे.